चुकलात तर इथं उभं राहायचं : परदेशात फोनचा संपर्क तुटला तर मन कसं सांभाळावं

लहानपणी आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शिरण्यापूर्वी आमचे आप्पा होम मैदानाच्या कडेला आम्हा तिन्ही भावंडांना थांबवायचे. एका विजेच्या खांबाला हात लावून म्हणायचे, "चुकलात तर हितं येऊन उभं ऱ्हायचं. आमाला हुडकत फिरायचं न्हाई. मी येतो." मग आम्ही आत शिरायचो. लाउडस्पीकरवरून हरवलेल्या पोरांची नावं पुकारली जायची, एखादं पोर हुंदके देत बसलेलं दिसायचं, पण आम्हाला धास्ती वाटली नाही. खांब ठरलेला होता.

मी टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघते. फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टील नावाचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे मी पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा असा कुठलाही खांब ठरवला नव्हता. पहिल्याच संध्याकाळी सातच्या सुमारास लोकलमधून उतरले आणि जॅकेटच्या खिशात हात घातला, तर फोन नाही. त्या वेळी सोलापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तोंडपाठ नंबर एकच होता, आईच्या घरचा ०२१७ चा जुना लँडलाइन, आणि तो बंद होऊन सहा वर्षं झाली होती. हॉटेलच्या संगणकावर ईमेल उघडायला गेले, तर त्याने हरवलेल्याच फोनवर कोड पाठवला. आठवून आठवून ह्यांचा मोबाइल नंबर जुळवला आणि रिसेप्शनवरून दोनदा लावला. अनोळखी परदेशी नंबर बघून ह्यांनी तो उचलला नाही. तिसऱ्या वेळी तो ब्लॉक केलेला होता. सकाळी व्हिजिटिंग कार्डावरून कारखान्यात फोन केला, तर यात्रेची सुट्टी. शेवटी दुपारी प्रदर्शनातल्या पलीकडच्या रांगेतल्या एका सोलापूरच्याच व्यापाऱ्याने आपल्या भावाला फोन केला, आणि तो भाऊ मोटारसायकलवरून विजापूर रोडला आमच्या घरी निरोप घेऊन गेला. मधे एकोणीस तास गेले.

त्या एकोणीस तासांत मी अर्धपोटी होते, घाबरलेली होते, पण मी कुठे आहे हे मला ठाऊक होतं. माझ्या लेखी फोन हरवला होता. आईच्या लेखी मी हरवले होते. एकाच घटनेचे हे दोन अर्थ ध्यानात घेतले, तरच पुढची तयारी नीट करता येते. परत आल्यावर आईशी आणि ह्यांच्याशी बसून जे बोलले, त्यातून हा लेख झाला आहे.

आधी मनाचं गणित

आपल्याकडे म्हणतात, मन चिंती ते वैरी न चिंती. फोन लागत नाही म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर अपघात, दवाखाना, पोलीस, सगळं येऊन गेलं. बॅटरी संपली असेल, हा विचार मात्र टिकेना. यात आईचा दोष नाही. २०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे ज्या वेळी ठाऊक होतं, त्या वेळचा ताण कमी निघाला. बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी होती, तेव्हा ताण सगळ्यात जास्त. वाईट बातमी पचवता येते, अर्धवट शांतता पचत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्या काळी परदेशी गेलेल्या माणसाचा आणि घराचा दुवा म्हणजे पत्र, आणि ते यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. पत्र नाही, म्हणजे वाटेत असेल. धडकी भरायची ती तार आली की. तार म्हटलं की वाचण्याआधीच घरात रडू फुटायचं. म्हणजे शांतता हीच खुशाली होती आणि निरोप हे संकट. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण त्याआधीच हे सगळं उलटं झालं होतं. दिवसातून दहा वेळा बोलणाऱ्या घरात दोन तासांची शांतता संकटासारखी वाटते, कारण आपण स्वतःच तिला तो अर्थ दिलेला आहे. अर्थ आपण दिला असेल तर तो बदलताही येतो. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

निघण्यापूर्वी काय ठरवायचं

पहिलं काम, शांततेचा अर्थ ठरवा. घरातल्या मोठ्यांना समोर बसवून दिवसातल्या दोनच वेळा नक्की करा आणि त्या भारतीय वेळेत लिहा. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. दुबई दीड तास मागे, सौदी अरेबिया अडीच तास, सिंगापूर अडीच तास पुढे. मग स्पष्ट शब्दांत सांगा : एक वेळ चुकली तर कुणी काही करायचं नाही. सलग दोन चुकल्या तर हॉटेलला फोन. तीन चुकल्या तर सोबतचा माणूस किंवा ऑफिस. त्यानंतर भारतीय दूतावास. हे बोलणं अशुभ वाटतं, विषय काढला की आई "असलं वंगाळ बोलू नगं" म्हणून उठून जाते. तरी तिला परत बसवा. आप्पांनी खांब दाखवला तो आम्ही चुकावं म्हणून नव्हे.

दुसरं, सराव करा. रोज आठ-दहा फोन होत असतील तर निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते दोनवर आणा, घरात असतानाच. पहिले दोन दिवस दोन्हीकडे चुळबुळ होते. मग मनाला कळतं की चार तास बोललो नाही तरी काही बिघडत नाही. ज्या घरात हा सराव झालेला नाही, तिथे विमान उडाल्यापासून जीव टांगणीला लागतो.

तिसरं, एक निरोप्या नेमा. सगळ्यांत जवळचा माणूस यासाठी योग्य असेलच असं नाही. ज्याचं डोकं थंड आहे, जो रात्री दोनला फोन उचलेल आणि ऐकलेलं जसंच्या तसं पुढे सांगेल, तो योग्य. आमच्याकडे आता माझी धाकटी जाऊ आहे. मी फक्त तिला कळवायचं, बाकीच्यांना ती कळवते.

चौथं, खुणेचा शब्द. या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण माझं सगळं इथेच अडलं. घरच्यांना आपणच बजावलेलं असतं की परदेशी अनोळखी नंबर उचलू नका, फसवणूक होते. ते बरोबरच आहे. हल्ली नातेवाइकांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे मागतात. पण तुमचा फोन हरवला की तुम्ही स्वतःच अनोळखी नंबर होता. म्हणून ज्या देशात जाणार त्याचा कोड घरी लिहून ठेवा : जर्मनी +४९, अमिराती +९७१, सौदी +९६६. करार असा करा की त्या कोडवरून लागोपाठ दोन मिस्ड कॉल आले तर तिसरा उचलायचा. उचलल्यावर आधी खुणेचा शब्द विचारायचा. तो सांगता आला नाही तर फोन ठेवायचा, पलीकडचा कितीही रडला तरी. शब्द साधा घ्या, पण कुठल्याही चॅटमध्ये किंवा पोस्टमध्ये कधी न लिहिलेला. गल्लीतल्या जुन्या दुकानाचं नाव, आजीच्या म्हशीचं नाव.

पाचवं, कागद. दोन नंबर तोंडपाठ पाहिजेतच. दहा आकडे तीन-तीन-चार असे तोडून, भाकरी थापताना म्हटले तर चार दिवसांत पाठ होतात. परदेशातून लावताना पुढे +९१ येतं, आणि सोलापूरचा लँडलाइन असेल तर ०२१७ मधलं शून्य गाळून +९१ २१७. हे नंबर, हॉटेलचा पत्ता, पासपोर्टची झेरॉक्स, विम्याचा नंबर आणि त्या देशातल्या आपल्या दूतावासाचा नंबर, हे सगळं कागदावर. एक प्रत अंगावरच्या पाऊचमध्ये, एक बॅगेत, एक घरी. गूगल खात्याचे बॅकअप कोडही छापून घ्या. ते आठ आकड्यांचे असतात, एकेक कोड एकदाच चालतो. ते जवळ असते तर मला त्या रात्री ईमेल उघडता आला असता. कोडच्या कागदावर खात्याचं नाव किंवा पासवर्ड मात्र लिहू नका.

जुना, चालू स्थितीतला फोन घरी पडलेला असेल तर त्यावर तुमचं व्हॉट्सॲप जोडून तो बॅगेत ठेवा. मुख्य फोन गेला तरी जोडलेलं उपकरण १४ दिवसांपर्यंत वायफायवर चालतं. इंटरनॅशनल रोमिंगही निघण्यापूर्वी चालू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि ऐन वेळी कार्डही हातात असून नसल्यासारखं होतं.

फोन गेला, ती पहिली वीस मिनिटं

हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, पोटात कालवतं. शरीराने ॲड्रेनालिन सोडलेलं असतं आणि नजर एकाच गोष्टीवर खिळते. मी तशीच उलट्या दिशेच्या गाडीत चढले, आणि परक्या शहरात अंधार पडल्यावर आणखी तीन स्थानकं लांब गेले. म्हणून पहिला नियम : पळू नका. उजेड आणि माणसं असतील तिथे बसा. बॅग मांडीवर घ्या, पट्टा हाताला गुंडाळा. श्वास चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते. मग मोठ्याने, मराठीतच, स्वतःला सांगा : "फोन गेलाय. मी आहे." परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की पाय जमिनीला लागतात.

वीस मिनिटांनंतर कामाचा क्रम असा ठेवा. आधी सुरक्षित जागा. मग घरी निरोप. मग सिम आणि बँक बंद करणं. सगळ्यांत शेवटी फोनचा शोध. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, मीही केलं. दोन तास मी फोन शोधत राहिले, कारण मनात लाज होती. "एवढा महागाचा फोन घालवला, आता काय तोंड दाखवू? सापडला की मगच सांगते." या लाजेपायी घरच्यांची रात्र गेली. फोन सापडेल की नाही हे तुमच्या हातात नसतं. निरोप असतो.

निरोप कुणाकडूनही जाऊ शकतो. रिसेप्शनवरच्या मुलीला कागद दाखवा, तिच्या फोनवरून किंवा हॉटेलच्या ईमेलवरून पाठवायला सांगा. लोक मदत करतात, मागायला संकोच करू नका. निरोपातलं पहिलं वाक्य नेहमी हेच : मी ठीक आहे. नंतर कारण, नंतर ठिकाण, आणि शेवटी पुढच्या निरोपाची वेळ. असा :

"मी ठीक आहे. फोन हरवला. हॉटेलवरच आहे, रूम अमुक. पुढचा निरोप उद्या सकाळी भारतीय वेळ ११ वाजता, याच नंबरवरून."

"फोन हरवला" हे आधी लिहिलं, तर वाचणारा "मी ठीक आहे" पर्यंत पोचतच नाही. आणि पुढची वेळ दिली की घरच्यांना वाट बघायला एक खांब मिळतो.

एक इशारा इथेच देते. युरोपात ११२ हा आणीबाणीचा नंबर आहे, पण जर्मनीत सिम नसलेल्या फोनवरून तो लागत नाही. बॅगेतल्या जुन्या फोनच्या भरवशावर याबाबतीत राहू नका, जवळच्या माणसाला लावायला सांगा.

ती रात्र

दिवस निभतो, रात्र अवघड जाते. फोन नाही म्हणजे गजर नाही, नकाशा नाही, भाषांतर नाही, झोपण्यापूर्वीचं बोलणं नाही. रिकाम्या खिशात काहीतरी थरथरल्याचा भास होतो आणि हात आपोआप तिकडे जातो. हे वेड नव्हे, सवय लागलेल्या शरीराची ती अपेक्षा असते. रिसेप्शनवर सकाळचा वेक-अप कॉल सांगून ठेवा, उद्याचा रस्ता कागदावर काढून घ्या, आणि काहीतरी खाच. माझ्या बॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. रात्री दहाला भाकरीचा तुकडा मोडला, त्यानंतर पहिल्यांदा डोकं चालायला लागलं.

डोक्यात विचार फिरत राहिले तर ते लिहून काढा, दोन रकाने करून. एकीकडे "माझ्या हातात आहे", दुसरीकडे "नाही". दुसऱ्या रकान्यात "आई जागी असेल" असं लिहिताना मला रडू आलं. रडून घ्या. रडल्यावर झोप येते.

प्रवासात स्वतःहून फोन बंद ठेवणाऱ्या २४ जणांचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला होता. त्यांनाही आधी अस्वस्थता आणि चिडचिड झाली, मग हळूहळू स्वीकार आला, आणि पुढे मोकळं वाटू लागलं. तुम्ही फोन स्वतःहून सोडलेला नाही, म्हणून मोकळं वाटण्याची अपेक्षा धरू नका. पण घरी निरोप पोचल्यावर अस्वस्थतेची धार बोथट होते, हे मी अनुभवलं आहे.

सोलापुरात वाट बघणाऱ्यांसाठी

आमच्या घरी त्या रात्री काय झालं ते आईने नंतर सांगितलं. ह्यांनी चौदा जणांना फोन केले. नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी गेली. शेजारच्या बायका जमल्या, आणि प्रत्येकीला कुठली तरी ऐकीव, वाईट गोष्ट आठवली. आई रक्तदाबाची गोळी विसरली. पहाटे तिला चक्कर आली. "काळजानं ठाव सोडलावता गं," एवढंच ती म्हणाली.

म्हणून घरच्यांनी पाळायच्या गोष्टी. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसते याचा अर्थ तिकडचा फोन बंद आहे किंवा त्याला इंटरनेट नाही, एवढाच. माणसाबद्दल ती टिक काहीही सांगत नाही. "लास्ट सीन" पुन्हा पुन्हा बघितल्याने क्षणभर बरं वाटतं आणि दुसऱ्या क्षणी हात पुन्हा फोनकडे जातो. म्हणून बघायची वेळ बांधून घ्या, तासातून एकदा. मधल्या वेळेत फोन दुसऱ्याच्या हातात द्या.

ज्यातून खरी माहिती मिळते ते करा. विमानाचा नंबर टाकून ते वेळेवर उतरलं का ते बघा. हॉटेलला फोन करून "अमुक प्रवासी चेक-इन झाले का, त्यांना निरोप द्याल का" असं विचारा. ग्रुपवर काही टाकू नका, कारण मग विचारपूस करणाऱ्यांचे फोन येतात आणि खरा फोन येईल तेव्हा लाइन व्यग्र असते. घरात एकच शांत शेजारीण बसवा. आमच्या शेजारच्या पद्मशाली काकू त्या रात्री काही न बोलता आईचा हात धरून बसल्या होत्या. आई अजून त्यांचं नाव काढते. म्हाताऱ्या माणसांची गोळी, जेवण आणि पाणी हे एका माणसाचं काम म्हणून नेमून द्या. मुलांपासून लपवू नका. "आईचा फोन बंद आहे, आपण हॉटेलला विचारतोय," एवढं त्यांना पुरतं.

ठरलेल्या सलग तीन वेळा उलटल्या आणि हॉटेलकडूनही काही कळलं नाही, तर मग थांबू नका. त्या देशातल्या भारतीय दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला फोन करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पासपोर्टची झेरॉक्स, अलीकडचा फोटो, विमानाचा नंबर आणि शेवटच्या बोलण्याची वेळ हाताशी ठेवा.

काही ठिकाणं वेगळी

दुबई-अबुधाबीला व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण त्यावरून बोलता येत नाही, तिथे अशा कॉलवर बंधन आहे. नवा कामगार गेला की घरच्यांना वाटतं पोरगं फोन करत नाही, पोराला वाटतं घरचे रागावले. निघण्यापूर्वी एवढं सांगितलं तरी पुष्कळ गैरसमज टळतात. चीनमध्ये व्हॉट्सॲपच बंद आहे, तिथे रोमिंगची सोय आधी करा. उमराहला किंवा हजला जाणाऱ्या वयस्कर माणसांच्या बाबतीत फोनवर विसंबूच नका. गर्दीत फोन पडतो, बॅटरी संपते. मनगटाला पट्टा बांधा, त्यावर हॉटेलचं नाव आणि गटप्रमुखाचा नंबर लिहा. आमच्या मागच्या गल्लीतल्या खाला गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाने तेच केलं, शिवाय भेटायचं दार आधीच दाखवून ठेवलं.

परत आल्यावर

संपर्क जुळला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि लगेच पाठोपाठ राग येतो. "एक फोन करता येईना?" असं ह्यांनी मला पहिल्याच वाक्यात विचारलं. मी उलट बोलले. तो राग खरं तर भीतीचाच असतो, हे दोघांनाही आठवडाभराने उमगलं. पहिल्या बोलण्यात हिशेब मागू नका. दोन-तीन दिवसांनी बसा आणि दोघांनी आपापली बाजू तासावार सांगा. आईची रात्र मी ऐकली आणि माझी तिने ऐकली, तेव्हा कुठे दोघींना नीट झोप लागली.

त्यानंतर सतत लोकेशन बघत राहण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्याचं लोकेशन चोवीस तास दिसतं, त्याचं पाच मिनिटं दिसेनासं झालं तरी घर हादरतं. फोन वाजला की छाती धडधडणं, झोप उडणं, घरच्या माणसाला गल्लीच्या टोकाला सोडायलाही भीती वाटणं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर समुपदेशकाशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा फ्रँकफर्टला गेले. आईच्या फ्रिजवर तेव्हा चिकटवलेला कागद अजून तसाच आहे : सकाळी ११, रात्री ९, +४९, हॉटेलचा नंबर, जाऊबाईंचा नंबर, गोळीची वेळ. खुणेचा शब्द त्यावर नाही. तो आम्हा चौघांनाच ठाऊक आहे, आणि प्रत्येक प्रवासाआधी आई तो मला एकदा म्हणून दाखवायला लावते.